गुहेची वाट रुंद करताना

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माझ्यासारख्याला गुहा म्हटले की लेणीच आठवतात: अंधेरीची महाकाली, जोगेश्वरी, बोरिवलीचे मंडपेश्वर आणि राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी. ही सगळी माणसाने कोरलेली. इथे खडक फोडणे हीच निर्मिती होती. म्हणूनच निसर्गाने घडवलेल्या गुहेतली अरुंद वाट फोडावी की नाही, हा नीतीचा प्रश्न आहे हे आपल्याला चटकन उमगत नाही.

आपल्या काळ्या पाषाणात लांबलचक नैसर्गिक गुहा क्वचितच सापडतात. चुनखडीचे तसे नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि हा खडक हजारो वर्षे विरघळवत राहते. अशा भुयारांत शोधकाची वाट पुष्कळदा वीतभर फटीपाशी अडते. फटीतून वारा येत असेल तर पलीकडे मोठी पोकळी असण्याचा संभव असतो. मग छिन्नी-हातोडा बाहेर येतो, कधी स्फोटकेही. एकदा फोडलेली फट पुन्हा सांधत नाही.

फोडूच नये, असे मात्र म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील लेचुगिया ही पूर्वी एक लहानशी गुहा समजली जाई. तिच्या तळाच्या ढिगाऱ्यातून वाऱ्याचा आवाज येई. राष्ट्रीय उद्यानाची परवानगी घेऊन शोधकांनी तो ढिगारा उपसला आणि 1986 मध्ये वाट सापडली. आज तिथे 240 किलोमीटरहून अधिक भुयारे मोजली गेली आहेत. पण त्यांनी मुख्यतः पडलेला राडारोडा काढला, तोंडाशी हवाबंद दार बसवले गेले आणि प्रवेश संशोधक व सर्वेक्षकांपुरता ठेवला गेला.

उलट उदाहरण फ्रान्समधल्या लास्कोचे. 1940 मध्ये तिथली प्रागैतिहासिक चित्रे सापडली. 1948 मध्ये गुहा पर्यटकांना खुली करताना प्रवेशद्वार मोठे केले गेले, आतली जमीन खाली नेली गेली. त्या मातीतला पुरावा नीट अभ्यासण्याआधीच गेला, हवेचे चलनवलनही बदलले. पुढे माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर हिरवे शेवाळ धरले. 1963 मध्ये गुहा बंद करावी लागली. जी वाट सर्वांसाठी मोठी केली, तीच सर्वांना बंद झाली.

आपल्या जवळचे उदाहरण बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत ‘रॉटन’च्या नावाने ओळखले जाणारे वटवाघूळ राहते. 1913 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि नंतर अनेक दशके जगात त्याचा हाच एक ठावठिकाणा माहीत होता. गुहेतले तापमान आणि ओलावा तोंडाच्या आकारावर अवलंबून असतो. तोंड रुंद केले, तर आत पिल्ले वाढवणाऱ्या मादीचे घर बदलते. तिथे तिची परवानगी कोण घेणार?

म्हणून माझ्या मते छिन्नी उचलण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. काढायचा आहे तो सुटा राडारोडा की अखंड खडक? वाट उघडल्यावर हवा पूर्वीइतकीच कोंडून ठेवता येईल का? आत कोण राहते? आणि मूळ स्थितीची मोजमापे व छायाचित्रे घेऊन ठेवली आहेत का? आत माणूस अडकला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे जीव आधी. निव्वळ कुतूहलाला मात्र ही सवलत नाही.

कान्हेरीत 1839 साली डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरचा एक स्तूप उघडला. त्यातल्या ताम्रपटामुळे त्रैकूटकांच्या काळाविषयी मोलाची माहिती मिळाली. त्याचबरोबर बंद स्तूप कायमचा गेला. तो उघडताना जे टिपले गेले नाही, ते आज कितीही चांगली साधने आणली तरी टिपता येणार नाही. म्हणूनच आजचे पुरातत्त्वज्ञ पांढरीच्या टेकाडाचा काही भाग मुद्दाम न खणता पुढच्या पिढीसाठी राखतात. गुहेतल्या अरुंद फटीही तशाच राखायला हव्यात. आज आपल्याला तिथून जाता येत नाही, पण उद्या कॅमेरा लावलेली बारीक नळी जाईल आणि दगडाचा कपचाही न उडवता पलीकडचे दाखवील.