वाणीचा खरेपणा

शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेत ‘पाणी हेच जीवन’ असा विषय असावा, आणि लातूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने दुसऱ्याकडून लिहून घेतलेले भाषण मुखोद्गत करून म्हणावे, हे दृश्य नवे नाही. ठरल्या वाक्याला त्याचा हात वर जातो. ठरल्या वाक्याला कंठ दाटून येतो. शब्द एकही चुकत नाही, तरी ऐकणारे चुळबुळ करू लागतात. याच लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांच्या आठवणी मुलाच्या घरी अजूनही निघतात. परंतु त्याच्या भाषणात समुद्राची गाज येते, हिमालयातील निर्झर येतात. आईची घागर तेवढी येत नाही.

मनात येईल ते बोलून टाकणे म्हणजे खरेपणा नव्हे. जे आपण जाणतो, जे विचारान्ती आपल्याला पटले आहे, तेच चारचौघांत सांगणे, आणि घरी एक व सभेत दुसरे असे होऊ न देणे, याला वाणीचा खरेपणा म्हणतात. हे कठीण का वाटते? मुख्य कारण भय हे होय. लोक हसतील, रुसतील, टाळ्या देणार नाहीत, असे वाटते. घरी ‘जायलो’, ‘करायलो’ म्हणणारा मुलगा तर व्यासपीठावर चढताच आपला आवाजही उसना घेतो. सभेत प्रमाण भाषा वापरावी, हे योग्यच. पण तिच्यासाठी स्वतःचा गळा टाकून द्यावा लागत नाही.

निजामाच्या राजवटीत या भयाचे रूप अधिक उग्र होते. तेथे सभा भरविण्यास सरकारची परवानगी लागे, आणि बोललेल्या शब्दाचा जाब तुरुंगात द्यावा लागे. स्वामी रामानंदतीर्थांनी १९३८ च्या सत्याग्रहात आणि पुन्हा १९४७ मध्ये कारावास पत्करला. त्यांचे बोलणे लोकांना खरे वाटले, ते या किमतीमुळे.

स्वातंत्र्यानंतर तुरुंगाचे भय गेले; श्रोत्यांच्या नाराजीचे राहिले. नांदेडचे नरहर कुरुंदकर यांनी ते मानले नाही. १५ जुलै १९३२ रोजी त्यांचा जन्म झाला. प्रथम शाळेत शिक्षक, पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक व अखेरीस प्राचार्य, असा त्यांचा क्रम. त्यांची व्याख्याने ऐकण्यास दूरदूरचे लोक जमत. शिवाजीमहाराजांवरील सभेत श्रोत्यांना काय हवे असते, हे सर्वांना ठाऊक आहे : अफझलखानाचा वध, शाहिस्तेखानाची फजिती, आग्र्याहून सुटका. कुरुंदकरांचे म्हणणे असे की, हे रोमांचकारी प्रसंग मोजकेच आहेत. महाराजांचे थोरपण त्यांनी रयतेची जी व्यवस्था लावली, तिच्यात शोधावे. १६८० मध्ये महाराज गेले. पुढे औरंगजेब प्रचंड फौज घेऊन दक्षिणेत उतरला आणि १७०७ मध्ये येथेच मरण पावला. पण मराठी माणसे लढतच राहिली. ती का लढली, हा प्रश्न कुरुंदकरांना तलवारीच्या खणखणाटाहून महत्त्वाचा वाटे. ते उघडपणे नास्तिक होते. श्रोते भाविक आहेत म्हणून त्यांनी आपले मत झाकले नाही. याउलट, संतवाङ्मयाचा त्यांचा व्यासंग सश्रद्धांनीही आदर करावा असा होता.

हा निर्भयपणा व्यासंगावर उभा होता, ही गोष्ट नजरेआड होता कामा नये. इंटरच्या परीक्षेत कुरुंदकरांना वारंवार अपयश आले. परंतु इतिहास, नाट्यशास्त्र, स्मृतिग्रंथ यांचे त्यांचे वाचन थांबले नाही. पुरते न वाचता केलेले बेधडक विधान ऐकायला शूर वाटते, इतकेच. १० फेब्रुवारी १९८२ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद शहरात हृदयविकाराने त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते व्यासपीठावरच होते.

लातूरच्या त्या विद्यार्थ्यालाही अशी तयारी करता येण्याजोगी आहे. मिरज कोठे आहे, तेथून आलेले पाणी शहरात कसे वाटले गेले, हे त्याला वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत सापडेल. नळाला पाणी किती दिवसांनी येई, आणि एक घागर घरात कोणकोणत्या कामाला पुरवावी लागे, हे त्याची आई सांगेल.