घरचा केर आणि शाळेचा पाठ

केर म्हणजे काय, असे विद्यार्थ्यांस विचारले असता ‘जे टाकून द्यावयाचे ते’ असे उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. वस्तू उंबरठ्याबाहेर गेली म्हणजे नाहीशी झाली, ही समजूत त्यात दडलेली असते.

ही समजूत आळसातून नव्हे, तर जुन्या अनुभवातून आलेली आहे. पूर्वी खेड्यातील घरातून चुलीची राख, भाजीची देठे, खरकटे, शेण आणि गुरांपुढील उरलेली वैरण एवढेच मुख्यतः बाहेर पडे. ते उकिरड्यावर कुजे आणि पावसाळ्यापूर्वी खत होऊन शेतात जाई. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते, असे म्हणतात. आज त्याच उकिरड्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या, खाऊची वेष्टने, फुटक्या बाटल्या व संपलेले सेल पडतात. सवय तीच राहिली. पदार्थ मात्र बदलले. या पदार्थांची दैना बारा वर्षांनीही फिटत नाही. खताबरोबर काच शेतात जाते व अनवाणी पाय कापते. खरकट्याच्या वासाने गाय अन्न पिशवीसकट गिळते व ती पिशवी तिच्या पोटात साठून राहते. प्लॅस्टिक चुलीत घातले, तर विषारी धूर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीच्या व जवळ बसलेल्या मुलाच्या छातीत जातो.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे केराचे तीन भाग घरातच करावयास सांगितले, त्याचे मर्म हेच होय. खरकट्याने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही. काच मिसळलेला ओला केर खताच्या कामाचा राहत नाही. आणि उघडे पाते केर उचलणाऱ्याच्या हातास लागते. एकत्र झालेला केर सर्वांस उपद्रव देतो. वेगळा ठेवलेला बव्हंशी केरच राहत नाही.

ओल्या केरास दुर्गंधी येते ती हवा न मिळाल्यामुळे. खड्ड्यात ओला केर व वाळका पाला यांचे आळीपाळीने थर द्यावेत, पिळलेल्या फडक्याइतकी ओल राखावी आणि आठवड्याने ढीग वरखाली करावा. सुमारे तीन महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत तयार होते.

शिक्षकांनी हा पाठ प्रयोगाने द्यावा. आवारात झाडाचे पान, सुती चिंधी व प्लॅस्टिकची पिशवी शेजारी शेजारी पुरावी, दोन महिन्यांनी उकरावी आणि काय दिसले ते मुलांनी वहीत लिहावे. पाती, सुया, औषधे व सेल यांस मुलांनी हात लावू नये. तसेच कोणाच्या घरचा केर किती घाण, याची वर्गात चर्चा होऊ देऊ नये; त्याने लाज उत्पन्न होते, सवय बदलत नाही.

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात येताच प्रथम खराटा हाती घेत. उपदेश रात्री कीर्तनात होई. तोच क्रम शाळेनेही ठेवावा. प्रथम शाळेच्या आवारातील केर वेगळा व्हावा. मग मुलेच ती रीत घरी नेतील, आणि आईस ती सूचना न वाटता मदत वाटेल.