चित्रफितीची भाषा कोणाच्या मालकीची?

पडद्यावर आपल्याला प्रयोगाची चित्रफीत दिसते, पण इंटरनेटवरून येतात ते केवळ आकडे. किती आकडे? हिशोब करून पाहू. एका ओळीत ६४० ठिपके आणि अशा ४८० ओळी, म्हणजे एका चित्रात ३,०७,२०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे २ कोटी ३० लाख बाइट होतात! ७०० मेगाबाइटची सीडी अर्ध्या मिनिटात भरेल.

मग साध्या मोबाइलवर चित्रफीत कशी दिसते? ती आकसून पाठवलेली असते. वर्गात हे सहज दाखवता येईल. चौकटीच्या कागदावर ८ × ८ घरांत एक चेंडू रंगवा. एका विद्यार्थ्याने पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्याला प्रत्येक घराचा रंग सांगावा. ६४ वेळा बोलावे लागेल. आता चेंडू एक घर सरकवा. या वेळी ‘चेंडू एक घर उजवीकडे, बाकी तसेच’ एवढेच पुरते. चित्रफितीतही अधूनमधून एक पूर्ण चित्र आणि मध्ये मुख्यतः बदल पाठवले जातात.

मात्र सांगणारा आणि ऐकणारा, दोघांना एकच नियम ठाऊक हवेत. या नियमांचा संच म्हणजे फॉरमॅट. २००३ साली प्रमाण ठरलेल्या एच.२६४ या फॉरमॅटचे नियम छापील आहेत, कोणीही वाचावेत. पण त्यांतील युक्त्यांवर अनेक कंपन्यांनी पेटंट घेतले. त्यामुळे तो वापरणारी उपकरणे वा प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना स्वामित्वधन द्यावे लागे. पेटंटची मुदत साधारण २० वर्षे असल्याने जुनी पेटंटे आता एकेक करून संपत आहेत.

मुक्त फॉरमॅटचे नियम वाचायलाही खुले आणि वापरायलाही विनामूल्य. थिओरा (पहिली पूर्ण आवृत्ती २००८), गूगलने २०१० साली खुला केलेला वेबएम आणि अनेक कंपन्यांनी मिळून २०१८ साली आणलेला एव्ही१ ही त्याची उदाहरणे. विकिपीडियाच्या चित्रफिती जिथे साठवल्या जातात, त्या विकिमीडिया कॉमन्सवर असेच फॉरमॅट चालतात. अडचणीही आहेत. एव्ही१मध्ये चित्रफीत आकसायला संगणकाला बरेच श्रम पडतात, आणि त्यावरही पेटंटचा हक्क सांगणारे आहेत.

शिक्षकांनी याची फिकीर का करावी? एका कंपनीच्या हाती असलेल्या फ्लॅश प्लेअरची साथ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली आणि त्यावर बेतलेली कितीतरी शैक्षणिक चलचित्रे ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. नियम खुले असले, तर जुना प्रोग्रॅम गेल्यावरही कोणीतरी नवा लिहू शकतो. म्हणून शाळेत केलेल्या प्रयोगाची चित्रफीत जपताना तिची एक प्रत वेबएममध्येही ठेवावी. आजच्या सहावीतल्या मुलाने उद्या शिक्षक होऊन ती उघडली, तर ती उघडायला हवी.