सांडपाण्याच्या तळ्याचा बांध

अमेरिकेतल्या हजारो छोट्या गावांचे सांडपाणी उथळ तळ्यांत साठवून ऊन, शेवाळ आणि जिवाणूंच्या भरवशावर निवळू देतात. व्यवस्था स्वस्त खरी, पण भोवतालचा मातीचा बांध धड असेल तरच.

पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांत साधारण 2 ते 3 फूट अंतर मोकळे ठेवतात. माथ्यावरून पाणी वाहू लागले की माती झपाट्याने कापली जाते. झाडांची मुळे आणि मस्करॅट या पाण्याकाठच्या उंदरासारख्या प्राण्याची बिळे पाण्याला आतून वाट करून देतात. म्हणून बांधावर गवत चालते, झाड नाही, कितीही शोभिवंत असले तरी. पायथ्याशी पाझर दिसला तर त्याचा रंग बघावा. गढूळ पाझर म्हणजे बांधाची मातीच वाहून चालली आहे.

21 जून 1995 रोजी नॉर्थ कॅरोलायनात रिचलँड्स गावाजवळ वराहपालन केंद्राच्या अशाच तळ्याचा बांध मुसळधार पावसानंतर फुटला. सुमारे अडीच कोटी गॅलन, म्हणजे जवळजवळ साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू नदीच्या पात्रात शिरली आणि हजारो मासे मेले. 1997 मध्ये राज्याने नव्या मोठ्या वराहपालन केंद्रांना स्थगिती दिली.