मिनी डाळ मिल : कर्ज काढण्यापूर्वी विजेचा हिशेब मांडा

तूर हे विदर्भ व मराठवाड्यातील प्रमुख कडधान्य पीक आहे. तूर तशीच न विकता डाळ करून विकल्यास गावातच रोजगार मिळतो आणि चुनी-टरफल जनावरांच्या कामी येते. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने गावपातळीसाठी मिनी डाळ मिल विकसित केल्यापासून अनेक शेतकरी व बचत गट या उद्योगाकडे वळले आहेत. मात्र यंत्र चांगले असूनही काही गिरण्या बंद पडतात. बहुतेक वेळा दोष यंत्रात नसतो. यंत्र उभे असले तरी बँकेचा हप्ता चालूच राहतो, हे आधी लक्षात घेतलेले नसते.

दरमहा लागणारा खर्च

उदाहरणादाखल यंत्र, शेड व जोडणी मिळून 4 लाख रुपये खर्च धरू. त्यात स्वतःचे 40 हजार आणि कर्ज 3 लाख 60 हजार. दरसाल 11 टक्के व्याजाने पाच वर्षांची मुदत असल्यास हप्ता महिना सुमारे 7,800 रुपये येतो. वीज बिलातील स्थिर आकार 500 रुपये आणि विमा व दुरुस्ती 700 रुपये धरल्यास महिन्याला 9,000, म्हणजे वर्षाला 1 लाख 8 हजार रुपये होतात. हा खर्च गिरणी चालो वा न चालो, करावाच लागतो.

भरडाईची मजुरी क्विंटलला 300 रुपये आणि वीज, मजूर, तेल इत्यादींचा खर्च 150 रुपये धरल्यास क्विंटलमागे 150 रुपये उरतात. म्हणजे वरील खर्च भागविण्यासाठीच वर्षाला 720 क्विंटल माल भरडावा लागेल. आठ तासांत पाच क्विंटल काम होत असेल, तर त्याला 144 दिवस लागतात. वीज रोज दोन तास गेली तर काम पावणेचार क्विंटलवर येते आणि त्याच मालाला 192 दिवस लागतात. नफा त्यानंतरच सुरू होतो.

बिलापेक्षा खोळंबा महाग

एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. तीन अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर, तिची कार्यक्षमता 80 टक्के धरल्यास, तासाला सुमारे 2.8 युनिट वीज घेते. आठ तासांत 22.4 युनिट, म्हणजे क्विंटलला साधारण साडेचार युनिट. युनिटचा दर 9 रुपये धरला तरी क्विंटलला 40 रुपयेच पडतात. डिझेल जनित्रावर लिटरला तीन युनिट मिळाले आणि डिझेल 90 रुपये लिटर असले, तर युनिट 30 रुपयांना पडते. मग विजेचा खर्च क्विंटलला 135 रुपये होतो आणि 150 ऐवजी 55 रुपयेच उरतात. म्हणून जनित्र अडलेले काम पुरे करण्यापुरतेच वापरावे. रोजची गिरणी त्यावर चालविणे परवडत नाही.

जागा निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

1. कृषी वाहिनीवर थ्री फेज पुरवठा ठराविक तासच असतो. गावठाण वाहिनीवरील जागा मिळाल्यास उत्तम.
2. शेतीपंपाच्या जोडणीवर गिरणी चालवू नये. डाळ मिल औद्योगिक वर्गात मोडते. विद्युत कायदा 2003 च्या कलम 126 नुसार अनधिकृत वापरास लागू दराच्या दुप्पट आकारणी होते.
3. हंगामात व्होल्टेज मोजून पाहावे. कमी दाबावर मोटार तापते व जळते. मोटारीस योग्य कपॅसिटर व ओव्हरलोड रिले बसवावा.

खेळते भांडवल विसरू नका

स्वतः तूर घेऊन डाळ विकायची असेल तर यंत्राइतकाच पैसा मालात गुंततो. 2025-26 हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला 8,000 रुपये जाहीर झाला. त्या दराने 50 क्विंटल तुरीस 4 लाख रुपये लागतात. म्हणून बँकेकडे मुदती कर्जाबरोबरच खेळत्या भांडवलाची मर्यादाही मागावी. स्वतःच्या तुरीवर पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेचा उपयोग होतो. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवल्यास त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत सहा महिन्यांसाठी 6 टक्के व्याजाने कर्ज मिळते. व्यापाऱ्याचा माल त्यात स्वीकारला जात नाही.

2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान ठरविण्यात आले. स्वतःचा हिस्सा किमान 10 टक्के हवा. हे अनुदान हाती रोख मिळत नाही. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षे खाते नियमित आणि उद्योग चालू असेल, तरच ते कर्जखात्यात वळते होते. म्हणून अनुदान धरून हप्त्याचा हिशेब करू नये. योजनेची सध्याची मुदत तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावी.

गिरणी किती महिने चालेल?

केवळ तुरीवर वर्षाचे काम मिळणे कठीण. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मूग व उडीद, जानेवारीपासून तूर आणि मार्चनंतर हरभरा असे कामाचे नियोजन करावे. तेल चोळलेली तूर उन्हात वाळवावी लागते, हेही ध्यानात घ्यावे. ढगाळ हवेत गिरणी असूनही काम थांबते.

तेव्हा शेतकरी बंधूंनी यंत्राच्या किमतीची चौकशी करण्यापूर्वी दोन आकडे काढावेत. परिसरातील पाच-सात गावांतून वर्षाला किती क्विंटल माल येईल आणि हंगामात वीज दिवसा किती तास राहते, हे महिनाभर वहीत नोंदवावे. या दोन आकड्यांवर हप्ता भागत असेल तरच कर्ज काढावे. भागत नसेल तर चार-पाच शेतकऱ्यांनी किंवा बचत गटाने मिळून एकच गिरणी घालावी, म्हणजे तिला पुरेसे काम मिळेल व हप्त्याचा भारही वाटला जाईल.