घरगुती पर्यायी विजेसाठी अल्पखर्चिक सुवाह्य जनित्र : निवड, चाचणी आणि सुरक्षितता

प्रास्ताविक :

महाराष्ट्रातील कुटुंबांना वीजटंचाई नवी नाही. जून २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या, तो काळ तीव्र भारनियमनाचा होता. त्या काळात मध्यमवर्गीय घरांत बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर आला आणि स्थिरावला. तीन-चार तासांच्या ठरावीक भारनियमनाला तो पुरेसा होता. मात्र ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच बदलले. विजेचे खांब मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडल्याने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या काही भागांत वीजपुरवठा कित्येक दिवस, काही ठिकाणी कित्येक आठवडे पूर्ववत झाला नाही. बॅटरी भारित करण्यासाठीच वीज नसेल, तर इन्व्हर्टरही निरुपयोगी ठरतो.

अशा प्रसंगानंतर पेट्रोलवर चालणाऱ्या, हाताने उचलून नेता येणाऱ्या लहान जनित्राकडे कुटुंबाचे लक्ष जाते. एक किलोव्होल्ट-अँपिअरच्या आसपासची स्वस्त यंत्रे बाजारात सहज मिळतात. यंत्र विकत घेतले, दोरी ओढून दिवा लावून पाहिला आणि अडगळीत ठेवून दिले, एवढ्यावर बहुतेकांची खरेदी पूर्ण होते. वस्तुतः दिवा लागणे ही जनित्राची चाचणी नव्हे. स्वस्त जनित्राची उपयुक्तता त्याच्या किमतीवर किंवा नामपट्टीवर नव्हे, तर आपत्तीपूर्वी केलेल्या भारचाचणीवर आणि ते कोठे व कसे जोडले जाते यावर अवलंबून असते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. जनित्राच्या नामपट्टीवरील आकड्यांचा अर्थ स्पष्ट करणे.
२. घरगुती भाराचा अंदाज बांधण्याची पद्धत सांगणे.
३. सामान्य साधनांनी करता येणाऱ्या चाचणीचा क्रम मांडणे.
४. कार्बन मोनॉक्साइड व उलटा वीजप्रवाह या दोन धोक्यांची कारणमीमांसा करणे.

नामपट्टीचे वाचन :

नामपट्टीवर साधारणतः दोन क्षमता दिलेल्या असतात. एक कमाल क्षमता व दुसरी सातत्याने देता येणारी क्षमता. जाहिरातीत ठळकपणे छापला जातो तो पहिला आकडा. पण यंत्र ती शक्ती अल्पकाळच देऊ शकते. ग्राहकाने दुसरा आकडाच विचारात घ्यावा. तसेच क्षमता व्होल्ट-अँपिअरमध्ये आहे की वॅटमध्ये, हेही पाहावे. शक्तिगुणक ०.८ धरल्यास १००० व्होल्ट-अँपिअरचे यंत्र ८०० वॅटच देते.

यातही स्थलपरत्वे घट होते. समुद्रसपाटीपासून उंची वाढली की हवा विरळ होते आणि इंजिनाची शक्ती कमी होते. साध्या इंजिनात ही घट दर ३०० मीटरला सुमारे साडेतीन टक्के धरली जाते. त्यामुळे अलिबागला ८०० वॅट देणारे यंत्र पुण्यात सुमारे ७५० वॅट, तर साडेतेराशे मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ७०० वॅटच्याही खाली येईल.

खरेदीच्या वेळी आणखी एक बाब तपासणे आवश्यक आहे. पेट्रोल जनित्रांसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या व्यवस्थेनुसार धूर व आवाज यांच्या मर्यादा ठरविलेल्या असून यंत्राला प्रकार मान्यता असावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा प्रमाणनाचे काम करणाऱ्या संस्थांपैकी एक आहे. मान्यतेचा उल्लेख नसलेले यंत्र कितीही स्वस्त असले, तरी ते घेऊ नये. त्याचबरोबर सुटे भाग व दुरुस्ती जवळच्या तालुक्याच्या ठिकाणी मिळेल काय, याचीही चौकशी करावी.

घरगुती भाराचा अंदाज :

भाराची बेरीज करताना उपकरण चालू असतानाचा भार आणि ते सुरू होतानाचा भार यांत फरक करावा लागतो. दिवा, दूरदर्शन संच किंवा मोबाइलचा चार्जर यांच्याबाबत हा फरक फारसा जाणवत नाही. मोटर असलेल्या उपकरणांत मात्र तो मोठा असतो, कारण थांबलेली मोटर फिरू लागेपर्यंत नेहमीच्या कित्येक पट विद्युतधारा ओढते.

उदाहरणादाखल एका घराचा भार पाहू. ९ वॅटचे सहा एलईडी दिवे ५४ वॅट, ७५ वॅटचे दोन पंखे १५० वॅट, तर दूरदर्शन संच व इतर किरकोळ उपकरणे मिळून ८० वॅट धरल्यास एकूण भार २८४ वॅट होतो. जुन्या पद्धतीचा लहान फ्रिज चालू असताना १२० वॅट घेतो. म्हणजे एकूण भार ४०४ वॅट. ८०० वॅटच्या जनित्राला तो निम्म्याने पेलतो असे वाटते. परंतु फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना सहापट, म्हणजे सुमारे ७२० व्होल्ट-अँपिअर घेईल असे धरले, तर आधीच्या २८४ वॅटसह तो क्षण जनित्राच्या क्षमतेच्या काठावर जातो.

यावर सामान्यतः असा उपाय सांगितला जातो की फ्रिज आधी सुरू करावा व मग इतर उपकरणे जोडावीत. हा उपाय अपुरा आहे. फ्रिजमधील तापनियंत्रक कॉम्प्रेसरला वेळोवेळी बंद व चालू करीत असतो. पहिल्या वेळी क्रम पाळला, तरी अर्ध्या तासाने कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होईल तेव्हा इतर उपकरणे चालूच असतील. म्हणून त्या क्षणापुरती राखीव क्षमता कायम ठेवावी लागते. नव्या इन्व्हर्टर तंत्राच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेत असल्याने ही अडचण पुष्कळशी कमी होते.

विहिरीवरील पंपाचा हिशेब आणखी वेगळा आहे. अर्धा अश्वशक्ती म्हणजे ३७३ वॅट, पण ही मोटरने बाहेर दिलेली शक्ती होय. लहान मोटरची कार्यक्षमता लक्षात घेता ती विजेच्या बाजूने ६०० ते ७०० वॅट घेते आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट. अतएव पाणी उपसणे हाच मुख्य हेतू असेल, तर एक किलोव्होल्ट-अँपिअरचे जनित्र त्यासाठी घेऊ नये.

चाचणीचा क्रम :

चाचणीसाठी वारंवारता मोजणारा बहुमापी आणि ज्यांचा भार निश्चित ठाऊक आहे अशी उष्णतेची उपकरणे एवढे साहित्य पुरते. जुने १०० वॅटचे तंतूचे दिवे यासाठी उत्तम. यंत्र मोकळ्या जागेत, सपाट जमिनीवर ठेवावे. नवे फोर-स्ट्रोक यंत्र पुष्कळदा तेलाविना येते. तेल न घालता सुरू केल्यास पहिल्याच दिवशी इंजिन जाते. टू-स्ट्रोक यंत्रात उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते.

पहिली पायरी भाराविना. दोन ध्रुवांच्या जनित्रात मिनिटाला ३००० फेरे झाले की ५० हर्ट्झ वारंवारता मिळते. ध्रुवसंख्येला फेऱ्यांनी गुणून १२० ने भागले की वारंवारता येते. भार नसताना वेग थोडा अधिक ठेवलेला असतो, त्यामुळे ५१ ते ५२ हर्ट्झ दिसणे स्वाभाविक आहे. विद्युतदाब २३० व्होल्टच्या जवळपास असावा. तो २५० च्या वर असेल, तर कोणतेही उपकरण जोडू नये.

दुसरी पायरी टप्प्याटप्प्याच्या भाराची. क्षमतेच्या पाव, अर्धा, पाऊण व पूर्ण भार क्रमाने लावून प्रत्येक टप्प्यावर विद्युतदाब व वारंवारता नोंदवावी. भार वाढताच वेग थोडा उतरणे साहजिक असते, पण गतिनियंत्रकाने तो लगेच सावरला पाहिजे. पूर्ण भाराला वारंवारता ४८ हर्ट्झच्या खाली जात असेल किंवा दिव्यांचा प्रकाश सतत हेलकावत असेल, तर यंत्राची खरी क्षमता नामपट्टीहून कमी आहे असे समजावे.

तिसरी पायरी सातत्याची. सातत्याच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांश भारावर यंत्र किमान एक तास चालवावे. पाच मिनिटांत न दिसणारे दोष, उदा. वेटोळ्याचे तापणे, इंधनाची गळती, सैल झालेले बोल्ट, या तासात उघड होतात. याच वेळी टाकीत मोजून घातलेल्या पेट्रोलवरून इंधनाचा खर्च काढता येतो.

चौथी पायरी प्रत्यक्ष उपकरणांची. आधी फ्रिज एकटा आणि नंतर इतर भार चालू असताना सुरू करून पाहावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तो जनित्राची वीज स्वीकारतो काय, हे अवश्य तपासावे. वारंवारता किंवा दाब अस्थिर असल्यास काही इन्व्हर्टर ती वीज नाकारतात आणि बॅटरी भारितच होत नाही. हे वादळाच्या रात्री कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

इंधन व खर्च :

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट इतकी उष्णता-ऊर्जा असते. लहान जनित्र चांगल्या भारावर तिच्यातील १५ ते २० टक्के ऊर्जाच विजेत रूपांतरित करते. म्हणजे लिटरमागे साधारण दीड युनिट. पेट्रोल लिटरला १०० रुपये धरल्यास एका युनिटला इंधनाचाच खर्च सुमारे ६५ रुपये येतो. केवळ दोन दिवे लावण्यासाठी जनित्र चालविल्यास इंजिन ३००० फेऱ्यांनीच फिरत राहते आणि हा खर्च आणखी वाढतो.

त्यामुळे जनित्र रात्रभर न चालविता संध्याकाळी तीन तास चालविणे अधिक शहाणपणाचे ठरते. या वेळेत फ्रिज थंड करून घ्यावा, फोन भारित करावेत आणि इन्व्हर्टरची बॅटरी भरावी. भारणाचा प्रवाह १५ अँपिअर असल्यास तीन तासांत ४५ अँपिअर-तास साठतात. ऱ्हास वजा जाता त्यावर एक पंखा व दोन दिवे चार-पाच तास चालू शकतात. जनित्र व बॅटरी यांना प्रतिस्पर्धी न मानता परस्परपूरक मानले, तर लहान यंत्रही पुरते.

दोन धोके :

वर वर्णिलेल्या चाचणीत न सापडणारे दोन धोके आहेत आणि दोन्ही जीवघेणे आहेत.

पहिला धोका कार्बन मोनॉक्साइडचा. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे. रक्तातील हिमोग्लोबिन त्याच्याशी प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधले जाते. त्यामुळे माणूस श्वास घेत असतानाही शरीर गुदमरते. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणे साध्या आजारपणासारखी वाटतात आणि झोपलेल्या माणसाला तीही जाणवत नाहीत. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना चक्रीवादळानंतर आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील हिमवादळात या वायूने विषबाधा व मृत्यू झाले. त्यांत जनित्रांचा वाटा होता. तेथील आरोग्ययंत्रणा जनित्र दारे-खिडक्यांपासून किमान २० फूट दूर ठेवण्यास सांगतात. खिडकी उघडी ठेवल्याने धोका टळत नाही. पाऊस येतो म्हणून यंत्र पडवीत किंवा जिन्याखाली घेतले जाते, आणि नेमका तोच क्षण घातक ठरतो. पावसापासून संरक्षणासाठी अंगणात दूरवर, चारही बाजूंनी उघडे छप्पर आधीच उभारावे. ज्या सदनिकाधारकाकडे गॅलरीखेरीज जागा नाही, त्याने जनित्र घेऊच नये. त्याच्यासाठी मोठी बॅटरी हाच सुरक्षित पर्याय होय.

दुसरा धोका उलट्या वीजप्रवाहाचा. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून जनित्राची वीज भिंतीतील सॉकेटमधून घरात सोडण्याची युक्ती अनेक ठिकाणी वापरली जाते. मुख्य स्विच बंद करण्यास विसरल्यास ही वीज मीटरमधून बाहेरच्या वाहिनीत जाते. ११,००० व्होल्ट उतरवून घरगुती दाबावर आणणारे रोहित्र उलट दिशेनेही काम करते. २३० व्होल्टचे त्याच्या दुसऱ्या बाजूला हजारो व्होल्ट होऊ शकतात. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती तीच तार असते. यावर खात्रीचा उपाय म्हणजे परवानाधारक वायरमनकडून बसवून घेतलेला चेंजओव्हर स्विच. त्यात एका वेळी एकच बाजू जोडली जाऊ शकते, त्यामुळे विसरण्याला वावच राहत नाही. तो बसविणे शक्य नसल्यास उपकरणे थेट जनित्राच्या सॉकेटलाच जोडावीत.

निष्कर्ष :

१. जनित्राची निवड कमाल क्षमतेवरून न करता सातत्याची क्षमता, स्थळाची उंची आणि मोटरचा प्रारंभिक भार यांवरून करावी.
२. खरेदीनंतर हमीच्या मुदतीतच टप्प्याटप्प्याने भारचाचणी करावी आणि तिच्या नोंदी जपून ठेवाव्यात.
३. वापर नसताना कार्ब्युरेटर व टाकी रिकामी करावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा शोषते व साठून राहिल्यास यंत्र सुरू होण्यास अडथळा आणते. दर महिन्याला थोडे ताजे पेट्रोल घालून यंत्र भारासह काही मिनिटे चालवावे.
४. चेंजओव्हर स्विच आणि अंगणातील सुरक्षित जागा यांचा खर्च जनित्राच्या किमतीतच धरावा. हे दोन खर्च वगळून स्वस्त ठरणारे जनित्र स्वस्त नसते.

ग्रामीण व किनारपट्टीच्या भागातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांत बहुमापी, भारदिवे व वेगमापक उपलब्ध असतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यात, परिसरातील कुटुंबांच्या जनित्रांची अशी चाचणी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाचा भाग म्हणून करता येईल. पाठ्यपुस्तकातील वारंवारतेचे सूत्र विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पडताळता येईल आणि एखाद्या घराची वादळी रात्र सुरक्षितपणे पार पडेल.