अस्सल पदक आणि रचलेली कथा



दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन पदकें, शिरस्त्राणें, कट्यारी व बिल्ले जमविणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. मागणी मोठी आणि अस्सल माल मोजका, अशा बाजारांत नकली माल यावयाचाच. त्याची पारख कशी करावी, एवढाच आजचा विषय आहे.

उदाहरणादाखल 'लोहक्रॉस' हें पदक घेऊं. प्रशियाच्या राजानें १८१३ सालीं स्थापिलेलें हें पदक हिटलरनें १ सप्टेंबर १९३९ रोजीं पुन्हां सुरू केलें. दुसऱ्या वर्गाच्या पदकावर पुढें स्वस्तिक व १९३९, आणि मागें १८१३ असे आंकडे असतात. त्याची रीतसर घडण तीन भागांची: मध्यें काळा केलेला लोखंडी गाभा, आणि त्यास दोहों बाजूंनीं धरून कडेला डाख दिलेले चंदेरी चौकटीचे दोन भाग. भिंगांतून पाहतां कडेचा सांधा मुळींच नसेल, किंवा पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक बुडबुडे दिसतील, तर संशय घ्यावा. लोहचुंबकही लावून पाहावा. मात्र कांहीं अस्सल पदकांचा गाभा लोखंडाचा नव्हता, आणि नकला करणारालाही लोखंड मिळतेंच. म्हणून एकाच खुणेवर निकाल देऊं नये.

कापडी बिल्ल्यांस अतिनील किरणांच्या दिव्याखालीं धरतात. युद्धानंतर प्रचारांत आलेल्या शुभ्रता आणणाऱ्या रसायनांमुळें नवा धागा निळसर चमकतो. परंतु जुनें कापड आजच्या साबणाच्या भुकटींत धुतलें, तर तेंही चमकूं लागतें!

खुणांपेक्षां अधिक फसविते ती वस्तूबरोबर येणारी कथा. स्टुटगार्टचा कोनराड कुयाउ हा अशा नकली वस्तूंचा व्यापारी. हिटलरच्या रोजनिशा म्हणून त्यानें स्वतः लिहिलेल्या वह्या 'स्टर्न' साप्ताहिकानें सुमारें ९३ लक्ष मार्क मोजून घेतल्या व एप्रिल १९८३ मध्यें जाहीर केल्या. एप्रिल १९४५ मध्यें कोसळलेल्या एका विमानांतून त्या वांचल्या, अशी कथा होती. विमान खरोखरच कोसळलें होतें. खोट्या होत्या त्या वह्या.

हस्ताक्षरतज्ज्ञांनींही त्या अस्सल ठरविल्या, कारण तुलनेसाठीं दिलेल्या नमुन्यांत कुयाउनेंच लिहिलेले कागद होते. दोन विद्यार्थ्यांचीं उत्तरें जुळलीं म्हणजे तीं बरोबर असतात असें नव्हे, हें कोणीही शिक्षक सांगेल. अखेर मे महिन्यांत जर्मन राष्ट्रीय दप्तरखान्यानें कागदांतील शुभ्रकारक द्रव्य व बांधणींतील पॉलिएस्टर यांवरून कपट उघड केलें. १९८५ सालीं कुयाउला साडेचार वर्षांची शिक्षा झाली.

तेव्हां वस्तु पाहावी, कथा नव्हे. आणि तुलना करावयाची ती निर्विवाद अस्सल नमुन्याशींच. येथें प्रश्न केवळ पैशाचा नाहीं. त्या राजवटीनें लक्षावधि निरपराध माणसें मारिलीं. तिच्या पुराव्यांत एक खोटी वस्तु शिरली, कीं खऱ्या साक्षीवरही शंका घेण्यास लबाडांना निमित्त मिळतें.

आपल्या मराठा पलटणीही १९४३ ते १९४५ या काळांत इटलींत जर्मनांशीं लढल्या. एखाद्या घरीं आजोबांच्या पेटींत तिकडचा बिल्ला निघालाच, तर तो घासून चकचकीत करूं नये. त्यासोबतचें पत्र किंवा छायाचित्र असल्यास तेंही त्याच्याजवळच जपून ठेवावें.